तक्त्याखालच्या पाच ओळी

परवा भाचीची मुलगी घरी आली होती. औरंगाबादला डॉक्टरकी शिकते. तिनं आणि तिच्या सरांनी मिळून एक निबंध लिहिलाय, तो मला दाखवायला आणला होता. म्हातारी एकेकाळची नर्स, तिला कौतुक वाटेल, असं आईनं पढवून पाठवलं असणार. मी चष्मा लावून वाचायला बसले. पहिल्याच ओळीत चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं शेजारी शेजारी उभी. मी विचारलं, "हे कोण?"

"आज्जी, ते सगळ्यांना माहीतच असतं."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

पोरीनं पान उलटलं. तिला दुखवायचं माझ्या मनात नव्हतं. पण तो प्रश्न माझा नव्हताच, तो अप्पा डॉक्टरांचा होता. इतक्या वर्षांनी तो माझ्या तोंडून निघाला, आणि मग दिवसभर मला जेवण गोड लागलं नाही.

नळदुर्गच्या पलीकडं, कानडी मुलूख सुरू होतो त्या अंगाला ते गाव. निजामाचं राज्य होतं आणि तिकडं परदेशात दुसरी मोठी लढाई सुरू होती. सोलापुरात नर्सिंग शिकून मी तिथल्या सरकारी दवाखान्यात लागले तेव्हा चोविशीची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. दवाखान्यावरची पाटी उर्दूत, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या इंग्रजीत, रोगी अर्धे मराठी बोलणारे, अर्धे कानडी. डॉक्टरांचं नाव बसलिंगप्पा, सगळे अप्पा म्हणायचे. घरात कानडी, कचेरीशी उर्दू, रोग्यांशी मराठी आणि रागावले की इंग्रजी, असा त्यांचा कारभार. पण रागवायचे फार क्वचित. बायको वारलेली, एकुलती मुलगी हुबळीकडं दिलेली. उंच, वाळके, कपाळावर विभूती, अंगात काळा कोट. कोटाच्या एका खिशात पेन्सिल आणि दुसऱ्यात चौघडी घातलेलं पांढरं फडकं.

ते फडकं पाणी गाळायला. कुणाच्याही घरी जावोत, तांब्या पुढं आला की अप्पा खिशातून फडकं काढत आणि पाणी गाळून पीत. एका लग्नात व्याही रुसून बसले, आमच्या पाण्यात काय किडे पडलेत का म्हणून. अप्पा म्हणाले, "व्हय, पडलेत. पण दिसत न्हाईत." झालं, पंगतीत गोंधळ. शेवटी अप्पांनी व्याह्यांचंही पाणी गाळून दिलं आणि त्यांना स्वतःच्या हातानं पाजलं.

हे सगळं नारूपायी. आजच्या पोरांना नारू माहीत नाही, बरंच आहे. पायावर फोड यायचा, आग व्हायची, फोड फुटला की आतून पांढरा दोरा डोकावायचा. तो जिवंत जंत. रोज थोडा थोडा काडीला गुंडाळत बाहेर काढायचा, तुटला की पाय सुजून माणूस महिना महिना अंथरुणात. आणि हे यायचं कधी, तर ऐन उन्हाळ्यात, पेरणीपूर्वीची शेताची कामं अंगावर असताना. गावची विहीर पायऱ्यांची. बायका पायऱ्या उतरून पोटरीभर पाण्यात उभ्या राहून घागरी भरायच्या. आग थंडावते म्हणून फोडाचा पाय मुद्दाम पाण्यात सोडायच्या. त्यातून रोग पाण्यात, पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात, आणि एका वर्षानं त्याच्या पायातून बाहेर. अप्पांचं म्हणणं साधं होतं. पायऱ्या बुजवा, कठडा बांधा, रहाटानं पाणी काढा. पाय पाण्यात गेला नाही की रोग मेला.

पण विहिरीच्या पायऱ्या बुजवायच्या म्हणजे गाव अंगावर येतं. हुकूम वरून यायला हवा. एकदा हैदराबादचे मोठे साहेब दौऱ्यावर आले तेव्हा अप्पांनी त्यांच्यापुढं विषय काढला. साहेब भला माणूस होता. म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या बोलण्यावर पायऱ्या बुजत नाहीत. एखाद्या डॉक्टरी मासिकात छापून आणा. छापलेलं असेल तर मी वरपर्यंत नेतो." त्या दिवसापासून अप्पांना एकच ध्यास लागला. पंचक्रोशीतली गावं हिंडायची, कोणत्या गावात पायऱ्यांची विहीर, कोणत्या गावात दोरानं पाणी काढायचा आड, कुठं किती जणांना नारू निघाला, सगळं टिपून आणायचं. मी रुजू झाले तेव्हा टिपणं करून करून त्यांच्या वह्यांची चळत माझ्या कमरेएवढी झाली होती.

पहिल्याच आठवड्यात मी दवाखान्याच्या नोंदवहीत सोलापूरच्या सवयीनं सटासट तीन-तीन अक्षरांत आजारांची नावं लिहिली. अप्पांनी वही समोर ठेवली.

"बाई, हे मला कळतंय. तुम्हालाबी कळतंय. उद्या आपण दोघंबी नसलो आणि तिसऱ्यानं वही उघडली, तर?"

"सगळ्यांना माहीत असतं, अप्पा."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

मग त्यांनी मला त्यांचा कायदा सांगितला. पहिल्यांदा नाव येईल तेव्हा पुरतं लिहायचं आणि लगेच पुढं त्याचं छोटं रूप सांगायचं. नंतर शेवटपर्यंत तेच छोटं रूप, मधेच बदलायचं नाही. एखादं नाव लेखात दोनदाच येणार असेल तर छोटं करायचंच नाही, उगाच वाचणाऱ्याच्या डोक्यावर ओझं. मथळ्यात तर कधीच नाही. आणि तक्ता असेल तर त्याच्याखाली सगळ्या छोट्या रूपांचा अर्थ परत लिहायचा, आधी दहा वेळा लिहिला असला तरी. "आधी ओळख, मग लाडाचं नाव," ते म्हणायचे. "नव्या सुनेला दारातच कुणी ठमी म्हणून हाक मारतंय का?"

माणसांच्या बाबतीतही तेच. रोग्याला हाक मारायची ती पुरत्या नावानं, बापाच्या नि गावाच्या नावासकट. बाकावरची माणसं हसायची. एक धनगराची म्हातारी यायची, भागव्वा. तिला सगळं गाव नुसतं म्हातारे म्हणायचं. अप्पांनी तिला नाव विचारलं, बापाचं विचारलं, सासऱ्याचं विचारलं. ती वैतागली. "आता नाव घिऊन काय वरात काढतूस का माजी? गुडघा बघ गुडघा." अप्पांनी गुडघा बघितला, पण नाव लिहून झाल्यावरच. पुढच्या खेपेला मी चुकून नुसतं भागव्वा म्हणून पुकारलं, तर म्हातारी जागची हलेना. पुरतं नाव घेतलं तेव्हा कुठं उठली.

वरच्या कचेरीतून एकदा उर्दूत कागद आला, मधे मधे नुसत्या खुणा. अप्पांनी तो परत पाठवला, खुलासा करा म्हणून. पुन्हा तसाच आला, पुन्हा परत पाठवला. चौथ्या वेळी कारकून स्वतः सायकलवर आला, घामानं निथळत. मला वाटलं आता भांडण. तो बाकावर बसला आणि हळूच म्हणाला, "साहेब, त्या खुणांचा अर्थ मलाबी ठाऊक न्हाई. माझ्या आधीचा लिहायचा तसं म्या लिवतो." अप्पा हसले नाहीत. त्याला चहा पाजला, आणि दोघांनी बसून आठवून आठवून प्रत्येक खुणेचा खुलासा लिहून काढला. आमचे कंपाउंडर कासिमभाई दारात उभे राहून मला म्हणाले, "देखो बाई, अब इसकू बी बिमारी लगी." 

मग अप्पांचे डोळे गेले. मोतीबिंदू असता तर सोलापुरात काढून आणला असता, पण होता काचबिंदू. हळूहळू कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही. त्यांचं निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं, पण तरणे डॉक्टर सगळे लढाईवर, बदली माणूस मिळेना. तेव्हा अप्पा नाडीला, पोटाला, सुजेला हात लावून औषध सांगत आणि मी आणि कासिमभाई देत असू. त्यांना एकच घोर होता. टिपणं वह्यांत पडून होती, लेख लिहून व्हायचा होता आणि पुढचा उन्हाळा यायच्या आत पायऱ्या बुजायला हव्या होत्या.

"बाई, तुमचं इंग्रजी अक्षर चांगलंय," ते एक दिवस म्हणाले. "माझे डोळे होता का?"

किती साधं विचारलं त्यांनी. मी हो म्हणाले, आणि मनातून फुगले.

दुपारी रोगी संपले की आम्ही बसायचो. मी वह्यांतलं वाचायचे, ते मनाशी जुळवायचे आणि सांगायचे. लेखात तीन नावं सारखी येत होती. गिनी वर्म म्हणजे नारू, स्टेप वेल म्हणजे पायऱ्यांची विहीर, ड्रॉ वेल म्हणजे आड. त्यांची जी. डब्ल्यू., एस. डब्ल्यू., डी. डब्ल्यू. अशी छोटी रूपं अप्पांनी ठरवली. गावं आणि वयं यांची आणखी दोन. एकूण पाच. लेखात पहिल्यांदा आली तिथं पाचही नीट उलगडून घातली. मग तक्ते, एकंदर सात, प्रत्येक वेगळ्या कागदावर. प्रत्येकाखाली त्याच पाच ओळी यायच्या होत्या.

कागदाची तेव्हा मारामार होती. लढाईमुळं चांगला कागद मिळतच नव्हता, सोलापूरहून ओळखीनं आणलेले मोजके ताव होते. पहिलाच तक्ता लिहिताना शेवटच्या पाच ओळींना जागा उरली नाही. परत लिहायचा तर ताव वाया. मी विचार केला, लेखात सांगून झालंय की. वाचणारे डॉक्टर आहेत, अडाणी नाहीत. आणि एका तक्त्याखाली नाही तर बाकीच्यांखाली तरी कशाला, म्हणून सातही तक्ते मी त्या ओळींवाचून केले. कागदाचं निमित्त होतं. खरं कारण कंटाळा, आणि माझा शहाणपणा.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण अप्पा सगळं वाचून घेत. तक्ता संपला की विचारत, "आणि खाली?" मी खाली बघायचे, तिथं कोरा कागद. आणि मी म्हणायचे, "जी. डब्ल्यू. म्हणजे गिनी वर्म, एस. डब्ल्यू. म्हणजे स्टेप वेल..." पाचही ओळी, न अडखळता. सात वेळा. ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "बरोबर." आंधळ्या माणसाला मी कोरा कागद वाचून दाखवला. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

दिवाळीआधी लेख मद्रासच्या एका मासिकाकडं गेला. टपाल आलं की अप्पा काठी टेकत दारात येत. संक्रांतीच्या सुमाराला पुडकं आलं. परत आलेलं. सोबत पत्र होतं आणि ते वाचायला माझ्याशिवाय कोण? कासिमभाईंना इंग्रजी येत नव्हतं, शाळेचे मास्तर उर्दूवाले. मनात आलं, काहीही वाचावं. नाकारलं म्हणावं, हरवलं म्हणावं. पण तेवढी नीच मी नव्हते. मी होतं तसं वाचलं. मासिकवाल्यांनी लिहिलं होतं की विषय मोलाचा आहे. पण तक्ते आकडेशास्त्र जाणणाऱ्या एका गृहस्थांकडं वेगळे तपासायला दिले होते, आणि त्यांतल्या अक्षरांचा अर्थ तक्त्यांवर कुठंच दिलेला नाही. काय मोजलं आहे ते त्यांना कळलं नाही. दुरुस्त करून पाठवावेत.

अप्पांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "एकाबी खाली न्हाई?"

"नाही."

"तुम्ही वाचून दाखवलं होतं."

"हो."

मला वाटलं आता इंग्रजी सुरू होईल. झालं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. पण ते उठले, चाचपडत माठापाशी गेले, पाणी गाळून प्याले आणि परत येऊन बसले. "कागद किती उरलेत?" एवढंच विचारलं.

कागद उरले नव्हते. ते मिळवण्यात महिना गेला. मी पुन्हा सगळं लिहिलं, या वेळी पाच ओळींसकट. वाचून दाखवलं. अप्पांनी ऐकलं. मग प्रत्येक तक्ता हातात घेऊन त्यांनी खालच्या बाजूनं तर्जनी फिरवली, एकदा डावीकडून उजवीकडं, मग परत. टाकानं उमटलेले ओरखडे बोटाला लागतात का ते बघत होते. मी पुढच्या तक्त्याला टाक जोरानं दाबून लिहायला लागले, त्यांना लागावं म्हणून. दोघांनाही ते कळत होतं आणि दोघांनीही त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही.

होळीनंतर लेख गेला. पण उन्हाळा थोडाच थांबतो? विहिरीच्या पायऱ्या होत्या तशाच होत्या आणि बाकावर फोडाचे पाय येऊन बसायला लागले. भागव्वाची सून आली, दोन्ही पायांत नारू, कडेवर तान्हं. अप्पांनी बोटांनी तिची सूज चाचपली, काडी नीट बांधून दिली आणि पुरतं नाव सांगून मला नोंद करायला लावली. त्या उन्हाळ्यात ज्यांना नारू निघाला ते आदल्या साली पाणी प्यालेले, त्यांचं नशीब आधीच ठरलेलं. पण त्यांचे पाय पाण्यात गेले आणि पुढल्या सालची पेरणी झाली. ती माझ्यामुळं झाली. अप्पांना हा हिशोब माझ्याहून चांगला येत होता. त्यांनी तो कधी मांडला नाही.

पावसाळ्यात अप्पांनी अंथरूण धरलं. हृदय थकलं होतं, पायांवर सूज, दोन उशांना टेकून बसलं नाही की धाप लागायची. कासिमभाई त्यांचे पाय चेपत बसायचे आणि रागवायचे, "नक्को बोले तो बी उठते, क्या करूँ मैं." अप्पा रोज विचारायचे, टपाल आलं का.

श्रावणात आलं. पातळ लिफाफा. मी दवाखान्याच्या पायरीवरच फोडला आणि उभ्याउभ्याच पत्र वाचलं. लेख स्वीकारला होता. पुढच्या अंकात छापणार होते. तक्ते स्वच्छ आणि स्वयंस्पष्ट आहेत, असंही एक वाक्य होतं.

पुढचं सांगून टाकते. लेख छापून आला. साहेबांनी शब्द पाळला. हुकूम यायला आणखी दोन उन्हाळे गेले, पण पायऱ्या बुजल्या, कठडा झाला, रहाट बसला. भागव्वा शिव्या देत देत रहाट ओढायची. काही वर्षांनी आमच्या गावच्या बाकावर फोडाचा पाय येईनासा झाला. लोक म्हणायचे, अप्पा वरून बघत असतील, त्यांना समाधान वाटत असेल. मी त्यावर काही बोलत नसे. वरचं मला माहीत नाही. त्या दिवशीचं माहीत आहे.

मी धावत गेले. अप्पा उशांना टेकून बसले होते, चेहरा सुजलेला. मी म्हटलं, "अप्पा, पत्र आलं. घेतला लेख." आणि वाचून दाखवलं, सबंध, अगदी वरच्या पत्त्यापासून खालच्या सहीपर्यंत.

ते ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "छान."

तेवढंच. मी वाट बघत राहिले. मग माझ्या लक्षात आलं.

"अप्पा, खरंच लिहिलंय हो. शपथ घेऊन सांगते."

"मी कुठं न्हाई म्हणतोय?"

त्यांनी हात पुढं केला. मी पत्र दिलं. टाइप केलेलं होतं. त्यांनी बोट फिरवलं, पाठीमागून अक्षरांचे उंचवटे लागले असणार. "टाइप केलंय," ते म्हणाले. कागदावर काहीतरी आहे एवढं बोटाला कळत होतं. काय आहे ते बोट सांगणार नव्हतं. त्यांनी पत्र माझ्या हातात परत दिलं आणि माझ्या मनगटावर थोपटलं.

"बाई, जाणाऱ्या माणसाला बरं वाटेल असं बोलावं, हे मीच तुम्हाला शिकवलंय. तुमचं मन चांगलंय. वाईट वाटून घेऊ नका."

मी कासिमभाईंना नळदुर्गला पिटाळलं, इंग्रजी जाणणारा कुणीही भला माणूस घेऊन या म्हणून. पाऊस लागलेला, ओढे भरलेले. ते दुसऱ्या दिवशी दुपारी एका वकिलाला बैलगाडीतून घेऊन आले. अप्पा सकाळीच गेले होते.

पण पत्र आलं त्या संध्याकाळी मी अप्पांजवळच बसून होते. पत्र दुसऱ्यांदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. काहीतरी एक शब्द असा सापडेल की त्यांना पटेल, असं मला वाटत होतं. अप्पा माझ्याकडं तोंड करून बसले होते आणि हळूहळू मान हलवत होते, लहान पोर गोष्ट सांगतं तेव्हा मोठी माणसं हलवतात तशी. मी थांबले.

"वाचा की," ते म्हणाले. "ऐकायला बरं वाटतंय."

मी परत पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.